शुक्रवारी चारच्या आत

"गिरीश, थांब जरा. वैजयंतीचा फोन का लागत नाहीये?"

संयोगितानं मला जिन्यात गाठलं. मी जेवून वर येत होतो आणि ती हातात फायलींचा गठ्ठा घेऊन खाली उतरत होती. संयोगिता आमच्या कंपनीत एचआरला होती, माझ्याच बॅचला लागलेली, त्यामुळे अरेतुरेतली.

"लातूरला आहे ती," मी म्हटलं. "तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय. वॉर्डात फोन बंद ठेवायला लावतात."

"तरीच. कालपासून चारदा लावला. मेलही टाकली, मग लक्षात आलं, कंत्राटी लोकांना बाहेरून ऑफिसची मेल उघडतच नाही." ती दोन पायऱ्या वर चढून माझ्या पायरीवर आली आणि आवाज बारीक केला. "ऐक, तिचं पर्मनंटचं झालंय. आख्ख्या मजल्याला मिळून एक जागा होती, तीच तिला मिळाली. पण घोळ असा आहे की मंजुरी या तिमाहीची आहे. शुक्रवारी तीस तारीख. शुक्रवारी चारच्या आत तिनं स्वतः येऊन कागदांवर सह्या करायला हव्यात. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, असं वरून लेखी आलंय."

"पुढचा कोण आहे?"

एवढं सगळं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला. संयोगितानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

"निखिलेश. का रे?"

"सहज विचारलं."

"तिला आजच सांग. संध्याकाळी बोलाल ना? उद्या रात्रीची गाडी पकडली तरी शुक्रवारी सकाळी पुण्यात." ती खाली उतरायला लागली, मग वळून म्हणाली, "बरं झालं रे. तुमच्या डिपार्टमेंटचं हे असं झालं आणि त्यात निदान घरातल्या एकाचं तरी..." पुढचं तिनं गिळलं.

ही दोन हजार अकरामधली गोष्ट. बुधवार होता, घटस्थापनेचा. आमची कंपनी हिंजवडीला होती आणि मी तिथं नऊ वर्षं पर्मनंट होतो. वैजयंती, म्हणजे माझी बायको, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टेस्टिंगला होती. ती मात्र कंत्राटावर. एका एजन्सीनं तिला कंपनीला पुरवलेलं होतं आणि दर सहा महिन्यांनी ते कंत्राट वाढवायचं की नाही हे ठरायचं. तीन वर्षं असंच चाललं होतं. एजन्सीकडे तिचं नाव मीच दिलं होतं. रेवा, आमची मुलगी, तीन वर्षांची झाल्यावर वैजयंतीला पुन्हा काम हवं होतं आणि मधल्या खंडामुळे तिला थेट कोणी घेत नव्हतं.

आमच्याकडे पर्मनंट माणसाच्या कार्डाची दोरी निळी आणि कंत्राटी माणसाची पिवळी. ती दोरी दिवसभर गळ्यात. पिवळ्यांना कंपनीच्या बसमध्ये जागा उरली तर बसायला मिळायचं, म्हणून आम्ही मोटरसायकलनं जायचो. वार्षिक समारंभाला पिवळ्यांना बोलावणं नसायचं. मी जायचो, जेवायचो आणि येताना तिच्यासाठी कागदात गुंडाळून काजूकतली आणायचो. ती रेवाला अर्धी देऊन अर्धी खायची. कंत्राट संपायच्या महिन्यात, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, ती गप्प व्हायची. कपाटं आवरायला काढायची. मी तिला म्हणायचो, "होईल गं, एवढं काय मनाला लावून घेतेस!" असं म्हणताना मला बरं वाटायचं, हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नसतं. स्वतःजवळही नाही.

ती माझ्यापेक्षा कामाला चांगली होती. हे मला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं. एकदा आमचा प्रोग्रॅम ग्राहकाकडे जायच्या आदल्या दिवशी तिनं त्यातली एक चूक पकडली. दोन खातेदारांचा जन्मदिवस एकच असला तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसत होती. तो भाग मी लिहिलेला होता. तिनं ते मला आधी घरी सांगितलं, ऑफिसात नाही. पण चूक नोंदवावी तर लागतेच. पुढच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "त्या पिवळ्या दोरीवाल्या मॅडम आहेत ना, त्यांच्यामुळे आपण वाचलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वैजयंती त्या खोलीत नव्हतीच, कंत्राटी लोक मीटिंगला नसत.

आणि आता त्या आठवड्यातला सोमवार. आमच्या डिपार्टमेंटच्या बावीस जणांना मोठ्या हॉलमध्ये बोलावून सांगितलं गेलं की आमचं काम बाहेरच्या एका कंपनीला सोपवलं आहे. एक नोव्हेंबरपासून आम्ही त्या कंपनीच्या पगारावर. "खुर्ची तीच, काम तेच, फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदलेल," साहेब म्हणाले. मागून कोणीतरी विचारलं, "आणि दोरी?" कोणी हसलं नाही. दोरी पिवळी मिळणार होती. बाहेरच्या कंपनीशी करार वर्षाचा, पुढचं पुढे.

वैजयंती शनिवारीच लातूरला गेली होती. सोमवारी रात्री फोनवर मी तिला यातलं काही सांगितलं नाही. तिकडे तिच्यामागे आधीच पुष्कळ आहे, असं मी मनाला समजावलं.

तिचे वडील, अण्णा, उदगीरला राहायचे. पोस्टात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बायको जाऊन सात वर्षं झाली होती आणि वैजयंती एकुलती एक. मी उदगीरला गेलो की अण्णांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "गिरीशराव, आमच्या पोरीचं पक्कं कधी होणार?" मी म्हणायचो, "होईल अण्णा, हल्लीच्या कंपन्यांत वेळ लागतो." वैजयंती आत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

बुधवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. मी घरी पोचलो होतो. आई देवघरासमोर बसून घटाच्या मातीवर पाणी शिंपडत होती.

"कसे आहेत अण्णा?" मी विचारलं.

"आज उठून बसले. मऊ भात खाल्ला. नर्सशी भांडले, म्हणजे बरे आहेत." ती हसली. आवाज थकलेला, पण मोकळा. "रेवाचं काय? डबा खाते का?"

मी रेवाचं सांगितलं. तिनं वही उलटी धरून अख्खा पाढा लिहिला होता, ते सांगितलं. आईनं घट बसवले, फुलं महाग झालीत, पाण्याचा टँकर आला नाही, सगळं सांगितलं. इतकं मी एरवी फोनवर बोलत नसे. ती म्हणालीसुद्धा, "आज एवढा खुशीत कसा?"

"काही नाही. तुझा आवाज ऐकला म्हणून."

"ऑफिसात काही विशेष?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

फोन ठेवला आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या सकाळी सांगितलं तरी ती रात्रीची गाडी धरून शुक्रवारी पोचते, मग आजच कशाला. पण त्याच वेळी डोळ्यांसमोर एक चित्र यायला लागलं आणि ते जाईना. एक नोव्हेंबरची सकाळ. दोघं मोटरसायकलवरून उतरतोय. ती निळी दोरी गळ्यात घालते, मी पिवळी. ती मला म्हणते, "होईल रे, एवढं काय मनाला लावून घेतोस!" वार्षिक समारंभाहून ती माझ्यासाठी कागदात गुंडाळून काजूकतली आणते. मला त्या काजूकतलीचा इतका राग आला की मी गॅलरीतल्या कुंडीचं रोप दोन बोटांनी खुडून टाकलं. कोणतं होतं ते बघितलंसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी पुन्हा तिचाच फोन आला. मी डेस्कवर होतो. उठून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेलो.

"गिरीश, ऐक ना," ती म्हणाली. "उमरग्याची काकू आलीय. ती म्हणते मी आठवडाभर राहते अण्णांजवळ. उद्या डिस्चार्ज आहे, तो ती आणि तिचा मुलगा बघतील. मग मी आजच निघू का? रात्रीच्या गाडीला जागा आहे, मी विचारून ठेवलंय. की राहू रविवारपर्यंत? तुझं काय म्हणणं?"

कॉरिडॉरच्या टोकाला काचेच्या दारापलीकडे संयोगिता बसलेली मला दिसत होती. ती कोणाशी तरी बोलता बोलता हसत होती.

मला काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं "नीघ" म्हणायचं होतं. कारणही सांगायला नको, आल्यावर बाकीचं आपोआप झालं असतं.

"रविवारपर्यंत राहा," मी म्हटलं. "घाई कशाला करतेस? अण्णांना घरी सोड, दोन दिवस त्यांच्याजवळ बस. काकू म्हणजे काही तू नव्हेस. इकडचं मी आणि आई बघतो."

ती म्हणाली, "माझ्याही मनात तेच होतं. पण घरात घट आहेत, आई काय म्हणतील म्हणून..." आणि जरा थांबून, "बरा आहेस हं तू."

बायकोशी इतक्या प्रेमानं मी फार वेळा बोललो नसेन.

संध्याकाळी संयोगिता माझ्या डेस्कपाशी आली. "कळवलंस ना?"

"कळवलं. बघते म्हणाली."

"बघते काय? अरे, ओरडली नाही आनंदानं?"

"वडिलांमुळे जरा... तू ओळखतेस तिला."

"निघायला सांग बाबा. मला निखिलेशला हाक मारायची वेळ आणू नकोस."

शुक्रवारी मी सकाळपासून कामात डोकं घालून बसलो. अकरा वाजता संयोगिताचा निरोप स्क्रीनवर आला, पोचली का? मी उत्तर दिलं नाही. बारा वाजता वाटलं, अजून वेळ आहे. काय करता आलं असतं ते मला नीट आठवतं. लातूरहून गाडी करून ती निघाली असती तर सात तास लागले असते, म्हणजे नाहीच. पण फोनवर संयोगिताशी बोलली असती, हट्टानं बोलली असती, कोणाला तरी धरून सोमवारपर्यंत मुदत मागितली असती. ती भांडून मिळवणारी होती. मी फोन उचलून हॉस्पिटलचा नंबर काढला आणि परत ठेवला.

तीन वाजता संयोगिता स्वतः आली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर वैताग दिसला.

"काय ठरलं तिचं? फोन अजून बंद. मी खाली थांबवून धरलंय सगळं."

"नाही जमत म्हणाली," मी म्हणालो. वाक्य कुठे अडखळलं नाही. "वडिलांना सोडून येववत नाही. दुसऱ्याला दे म्हणाली."

"असं म्हणाली?"

"हो."

"तीन वर्षं ती मला दर सहा महिन्यांनी येऊन विचारायची रे. कधी होईल, काय होईल."

"वडील एकटे आहेत," मी म्हटलं.

ती वळली आणि खाली गेली. चारला पाच मिनिटं कमी असताना निखिलेश जिन्यावरून धावत खाली जाताना मी पाहिला. तो लग्न न झालेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, सहा महिन्यांपूर्वी आलेला. त्याला टेस्टिंग वैजयंतीनं शिकवलं होतं. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसतं हलकं वाटलं, उलटी होऊन गेल्यावर वाटतं तसं.

रविवारी संध्याकाळी वैजयंती आली. अण्णांनी रेवासाठी पोस्टाची जुनी तिकिटं आणि आईसाठी उदगिरी चिवड्याची पिशवी दिली होती. ती खुशीत होती. आईला म्हणाली, "ह्यांनी राहा म्हटलं म्हणून राहिले. अण्णांनी खूप वर्षांनी पोट भरून गप्पा मारल्या." मी रेवाला तिकिटं मोजून दाखवत बसलो.

सोमवारी आम्ही नेहमीसारखे गेलो. गेटवर मी कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, मी आत गेलो. तिनं लावलं, लाल लागला. ते दर सहा महिन्यांनी व्हायचंच. कंत्राट तीसला संपायचं, नवीन कागद यायला चार दिवस लागायचे, तोवर कार्ड बंद. मग ती पाहुण्यांच्या रांगेत उभी राहून वहीत नाव लिहायची आणि एचआरचं कोणीतरी येऊन तिला आत न्यायचं. एरवी मी वर निघून जायचो. त्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूला उभा राहिलो.

संयोगिता आली. ती वहीवर सही करता करता काहीतरी बोलली. वैजयंतीनं मान वर केली. संयोगिता बोलत राहिली, एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला आवाज येत नव्हता. वैजयंती पूर्ण स्थिर उभी होती, हातातलं पेन वहीवर टेकलेलं. मग तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. तीन-चार सेकंद. मग संयोगिताकडे वळून ती काहीतरी बोलली, दोनदा मान डोलावली, वहीत नाव लिहिलं आणि गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून आत आली. माझ्या अंगावरून लिफ्टकडे गेली.

संयोगिता मागून आली. "किती शांतपणे घेतलं रे तिनं," ती मला म्हणाली. "मी म्हटलं, गिरीशनं सांगितलं तू नाही म्हणालीस, पण मला वाटलं होतं तू येशील. तर म्हणाली, हो, मीच नाही म्हटलं, अण्णांना सोडवेना."

संध्याकाळी परतताना हायवेच्या सर्व्हिस रोडला रोपांची एक नर्सरी लागायची. तिथं तिनं माझ्या खांद्यावर बोटानं टोचलं. "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली.

"हेल्मेट काढ."

मी काढलं.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"बुधवारी कधी?"

"दुपारी. जेवल्यावर."

ती मनाशी हिशेब करत होती. ट्रक जात होते, तिला थांबून थांबून बोलावं लागत होतं. "म्हणजे गुरुवारी मी निघू का विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि शुक्रवारी तू तिला जाऊन सांगितलंस, मी नाही म्हणाले."

"ती विचारायला आली होती. मी गेलो नव्हतो."

मी हे का म्हणालो कोण जाणे. जणू त्यानं काही फरक पडणार होता. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती नर्सरीच्या जाळीला पाठ टेकून उभी राहिली आणि अगदी वेगळ्या, जवळजवळ मवाळ आवाजात म्हणाली, "अण्णांचा विचार करून नाही सांगितलंस का? त्यांना सोडून मला धावावं लागेल म्हणून?"

मला हो म्हणता आलं असतं. तिनं दार उघडून धरलं होतं आणि तिला मनापासून वाटत होतं की मी त्यातून आत यावं.

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी तिला सोमवारच्या मीटिंगचं सांगितलं. बावीस जण, बाहेरची कंपनी, एक नोव्हेंबर. "तू आत जाणार आणि मी बाहेर," मी म्हटलं. "रोज सकाळी गेटवर ते बघायचं. मला नाही जमलं."

ती रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. यातलं काही तिनं केलं नाही.

"तीन वर्षं तू आत आणि मी बाहेर होते," ती म्हणाली. "मला रोज जमलं."

तिनं हेल्मेट घातलं आणि मागे बसली. एरवी ती माझ्या खांद्याला धरायची. त्या दिवशी तिनं मागचा लोखंडी दांडा धरला.

घरी आईनं आमचे चेहरे पाहिले. रात्रीचं जेवण वाढताना तिनं विचारलं, "काय झालंय गं? भांडलात का?"

वैजयंती पोळीला तूप लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "भांडण नाही हो आई. माझी नोकरी पक्की होत होती. शुक्रवारी येऊन सही करायची होती. पण ह्यांनी मला कळवलंच नाही. अण्णा हॉस्पिटलात, मला सगळं टाकून धावावं लागलं असतं, म्हणून. ह्यांनी एकट्यानंच ठरवून टाकलं."

आईचा हात वाटीवर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "वेडा आहेस का रे?" ती म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट... पण खरं सांगू का, तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

मी मान खाली घालून जेवलो. वैजयंतीनं माझ्या पानात पोळी वाढली. तिनं हे का केलं, मला वाचवलं की मला कुठेतरी कायमचं बांधून ठेवलं, ते मी त्या रात्री तिला विचारलं नाही आणि पुढेही विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही उदगीरला गेलो. अण्णा चांगले हिंडूफिरू लागले होते. आईनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, रेवा शेजारी खेळायला गेली आणि अण्णा मला म्हणाले, "गिरीशराव, बसा जरा. एक बोलायचं होतं."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, स्वच्छ पांढरं धोतर, वर बनियन. बोलायच्या आधी त्यांनी दोन्ही हात जोडले. मी गडबडून उठायला लागलो.

"बसा, बसा. मी चौतीस वर्षं पोस्टात काढली," ते म्हणाले. "पक्की नोकरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तिची आई आजारी पडली, घरात काय काय झालं, पण ती एक नोकरी होती म्हणून तरलो. पोरीला ती मिळावी एवढंच मागणं होतं माझं. आणि ती मिळत होती तर माझंच दुखणं मधे आलं. माझ्यापायी तुमचं नुकसान झालं. त्यात तुमचंही काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं म्हणतात. घरात एक तरी पक्कं हवं होतं, आणि तरी तुम्ही माझा विचार केलात. सख्खा मुलगा करणार नाही असं केलंत. मला माफ करा."

त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात वैजयंती चहाचे कप घेऊन उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. ती पुढे येत नव्हती, कप हातात घेऊन तशीच उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती थांबली होती. मला आता काय बोलायचंय ते बोलायला ती मला वेळ देत होती.

अण्णांचे हात अजून जोडलेले होते. मी ते हात धरले आणि खाली केले.

"असं काय बोलता अण्णा?" मी म्हटलं. "तुम्ही बरे झालात, सगळं मिळालं."

वैजयंती आत आली, तिनं अण्णांसमोर कप ठेवला, माझ्यासमोर ठेवला आणि परत गेली.

येताना बसमध्ये रेवा खिडकीशी झोपली होती. सोलापूर मागे पडलं तेव्हा वैजयंती म्हणाली, "काल अण्णांसमोर बोलला असतास तर मी तो विषय परत कधीच काढला नसता."

"त्यांना त्रास झाला असता," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि तिनं रेवाचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

तिला पुढे पक्की नोकरी मिळाली, पण पाच वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. मधल्या काळात ती चार एजन्स्या फिरली. मला त्या बाहेरच्या कंपनीनं दीड वर्षांत काढून टाकलं. त्यानंतर मी जिथं जिथं काम केलं ते कंत्राटावरच केलं, अजूनही करतो. आमचा संसार मोडला नाही. ती मला कधी टाकूनही बोलली नाही. पण कोणी पाहुणे आले आणि नोकरीचा विषय निघाला की ती ती गोष्ट सांगते. ह्यांनी कसं मला कळवलंच नाही, अण्णांसाठी. अगदी तशीच, एक शब्द इकडचा तिकडे न होता. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात. सांगताना ती माझ्याकडे बघत नाही.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं जगले. दर दिवाळीला उदगीरहून पार्सल यायचं. त्यात रेवासाठी काही ना काही असायचं, आणि माझ्यासाठी शर्टाचं कापड, वर त्यांच्या पोस्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलेली चिठ्ठी, चि. गिरीशराव यांस. कापड ते स्वतः दुकानात जाऊन निवडायचे, चांगलं, महागातलं. मी ते शिंप्याकडे द्यायचो आणि शिवून आलं की घालायचो. सहाही शर्ट मला अगदी बरोबर बसले.